वेढेकाकांची लाल शाई

"गेलेल्या पोराच्या वहीत लाल पेन मारायला हात कसा धजला तुमचा?"

"आवाज खाली. बाहेर दुकानात ऐकू जातं."

"आज रविवारचं दुकानात कोण बसलंय ऐकायला? तुमच्या मोटारी?"

"फोटो बघितलास का? तो चांगला आलाय की नाही, तेवढं सांग."

"चांगला आलाय. फोटोबद्दल मी बोलतच नाहीये."

काकूंनी वही स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात धरली होती. निळ्या पुठ्ठ्याची, तळहाताहून थोडी मोठी. आत धाकट्या मुलाचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. ओळीच्या सुरुवातीला निगेटिव्हचा नंबर, मग फोटोत काय आहे ते दोन-तीन शब्दांत, आणि शेवटी किती सेकंद उजेड द्यायचा तो आकडा. 'पूल, सकाळ – १२.' 'म्हातारी, बसची वाट – १८.' प्रत्येक आकड्यावर एक आडवी लाल रेघ होती आणि शेजारी वेढेकाकांच्या ठसठशीत हातातला लाल आकडा. एकही ओळ सुटलेली नव्हती.

तीन महिने दर रविवारी ही वही काकूंच्या डोळ्यांसमोर उघडी असायची. पण ती स्टोअरच्या खोलीत, लाल दिव्याखाली. लाल उजेडात लाल शाई दिसत नाही. आज त्या सकाळीच थोरल्या लेकीकडे गेल्या होत्या, दुपारी परतल्या तर एक्केचाळीस नंबरचा फोटो दोरीला टांगलेला. वहीत त्या नंबरापुढे नुसतं 'मी, खिडकीत' लिहिलेलं होतं. अकरा वर्षांत ज्याचा चेहरा समोरासमोर पाहिला नव्हता, तो त्यांच्याकडे बघत होता. केस पुढून विरळ झालेले, डोळ्याखाली हलकी सूज, ओठ हसायच्या बेतात. काकू तिथे किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक. मग, फोटो कुठल्या वर्षीचा ते लिहिलंय का बघावं म्हणून त्या वही बाहेर घेऊन आल्या.

"आकडे चुकीचे होते," काका म्हणाले. "चूक दुरुस्त केली. त्यात आभाळ कोसळल्यासारखं काय आहे?"

"गेलाय हो तो. आता तरी त्याला पास करा."

काकांनी खिशातून पेन काढलं, टोपण घट्ट आहे ना ते बघितलं आणि परत खिशात ठेवलं.

वेढेकाकांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. तेराव्या वर्षी ते विजेच्या मोटारी भरायच्या कारखान्यात लागले आणि तेव्हापासून आजवर, म्हणजे पंचावन्न वर्षं, त्यांनी तांब्याच्या तारेचे वेढे घातले. आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या दुकानात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दारात वॉर्निशचा वास, भिंतीला तारेची रिळं, बाकावर वाइंडिंगचं हातमशीन. त्या मशीनला वेढे मोजणारा काटा होता, पण काका त्याच्यावर विसंबत नसत. ते तोंडाने मोजत. मोजताना समोर कोणीही येऊन उभं राहिलं, अगदी घर पेटल्याचं सांगायला आलं, तरी उत्तर मिळायचं नाही. आकडा संपला की मग, "हं, बोला."

"हे माझ्याशीसुद्धा मोजूनच बोलतात," काकू थोरलीला म्हणायच्या. "दिवसाचे शंभर शब्द झाले की स्विच बंद."

कामाला मात्र माणूस सोन्यासारखा. त्यांच्या हातचा ट्रान्सफॉर्मर परत आला असं कधी झालं नाही. बंद मोटार नुसती हाताने फिरवून, कान लावून ते बिघाड सांगत. आणि दुसऱ्या कोणी भरलेली मोटार दुरुस्तीला आली की ती उघडून, आधीच्या कारागिराची चूक कागदावर लाल पेनने लिहून, तो कागद गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत. ही सवय दुकानातून घरात कधी शिरली ते घरातल्यांनाही सांगता आलं नसतं. सामानाच्या यादीवर लाल खुणा, थोरलीच्या गणिताच्या वहीत बाईंनी तपासल्यावर परत लाल खुणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकदा लाल प्रश्नचिन्ह. "आपल्या घरात दोनच रंग," धाकटा म्हणायचा. "एक तांब्याचा, एक लाल शाईचा."

थोरली हसून सोडून द्यायची. धाकट्याला ते जमलं नाही. त्याने हातात कॅमेरा धरला तेव्हा काका म्हणाले, "फोटोग्राफी हा धंदा नाही, चाळा आहे." तो परदेशी गेला, तिकडे एका फोटो छापणाऱ्याकडे कामाला लागला. दुसऱ्या वर्षी त्याने वडिलांना पत्र लिहिलं. राहत्या खोलीच्या एका कोपऱ्यात त्याने फोटो धुवायला स्वतःची अंधारी डार्करूम केली होती, तिच्या वायरिंगचा नकाशा हौसेने काढून पाठवला होता. काकांनी नकाशात तीन ठिकाणी लाल दुरुस्त्या केल्या आणि तोच कागद परत टपालात टाकला. वर-खाली एक ओळ नाही. कसा आहेस नाही, जेवतोस का नाही.

"दुरुस्त्या बरोबर होत्या," ते पुढे कितीतरी वेळा म्हणाले. "त्याने अर्थिंगच दाखवलं नव्हतं. शॉक लागला असता."

त्यानंतर धाकट्याची पत्रं थांबली. दर गुरुवारी सकाळी फोन यायचा, तो आईला. काका दुकानात मान खाली घालून वेढे घालत असत, पण गुरुवारी त्यांचं हातमशीन जरा हळू फिरायचं, हे काकूंनी पाहिलं होतं.

गेल्या वर्षी एका बुधवारी फोन आला. धाकट्याचा नव्हे, त्याच्या सोबत राहणाऱ्या मित्राचा. झोपेतच गेला, हृदय बंद पडलं म्हणे. सदतिसावं चालू होतं. कागदपत्रं, परवाने, तिकिटं यांचा मेळ बसेपर्यंत तिकडच्या तिकडे सगळं उरकलं. आईबाप पोचलेच नाहीत.

चार महिन्यांनी मित्राने पाठवलेलं लाकडी खोकं आलं. त्यात धाकट्याचा एन्लार्जर होता. निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं ते यंत्र: एक फळी, तिच्यावर उभा दांडा, दांड्यावर वर-खाली सरकणारं, दिवा बसवलेलं डोकं. सोबत सेकंद मोजून दिवा आपोआप बंद करणारा टायमर, फोटोच्या कागदाचा न फोडलेला खोका, डबीत गुंडाळलेल्या निगेटिव्ह, आणि ती निळी वही.

काकू वही छातीशी धरून बसल्या. काकांनी एन्लार्जरचा बल्ब काढून त्याच्या मानेवरचा शिक्का वाचला. "एकशेवीस व्होल्ट. दीडशे वॅट," ते म्हणाले. "इकडच्या सॉकेटला लावला तर फट्कन जाईल."

जावयाने सुचवलं, होल्डर बदलून इकडचा बल्ब बसवून टाकू. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे स्टुडिओवाले होते, गावात अजून डार्करूम ठेवलेले तेवढेच. तेही तेच म्हणाले, "तासाभराचं काम आहे, वेढेकाका. कशाला जीव आटवता?"

"नाही," काका म्हणाले. "बल्ब बदलला की उजेड बदलतो. उजेड बदलला की त्याचे आकडे फुकट. त्याने वापरलं तसंच्या तसं चाललं पाहिजे."

हे ऐकून काकूंच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं. नवऱ्याच्या तोंडून मुलाबद्दल इतकं तरी निघालं होतं.

मग काकांनी ट्रान्सफॉर्मर भरायला घेतला. दोनशे तीस व्होल्ट आत, एकशेवीस बाहेर. तसले त्यांनी आयुष्यात शेकड्यांनी केले होते. परदेशातून येताना माणसं काय काय उचलून आणत आणि इकडे आल्यावर वेढेकाकांच्या बाकावर आणून ठेवत. पण या एका नगाला त्यांनी पंधरा दिवस लावले. तार नवी आणली. आतल्या बाजूला सहाशे नव्वद वेढे घालायचे होते. चारशेच्या पुढे कुठेतरी त्यांचं तोंड हलायचं थांबलं. काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. काका समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, मग हातमशीन उलटं फिरवून सगळी तार उलगडली आणि परत एकपासून सुरुवात केली. पंचावन्न वर्षांत त्यांचा आकडा चुकलेला काकूंनी पाहिला नव्हता. त्या चहा ठेवून आत गेल्या.

वॉर्निशचे तीन हात दिले. गावातली वीज सकाळी चढते आणि संध्याकाळी पडते म्हणून व्होल्टेज थोडं थोडं वरखाली करायला पाच खटक्यांचा स्विच बसवला. मीटर लावून, बल्ब पेटवून, बरोबर एकशेवीस येतंय हे तीन वेगवेगळ्या वेळी तपासलं. "अर्ध्या व्होल्टचाही फरक नाही," ते म्हणाले, आणि पेटलेल्या बल्बवर आडवा हात धरून बराच वेळ उभे राहिले.

स्टोअरची खोली रिकामीच होती. तिच्या खिडकीला काळा कागद लावला, दाराला घोंगडी. स्टुडिओवाल्यांनी फोटो धुवायची औषधं दिली आणि एक दुपार येऊन दोघांना शिकवून गेले. यंत्र काकांकडे, औषधाचे ट्रे काकूंकडे. औषधात कागद हलवायचा आणि चित्र पुरेसं उमटलं की नेमका उचलायचा, हे काकूंना दोन दिवसांत असं जमलं की स्टुडिओवाले म्हणाले, "काकू, तीस वर्षांपूर्वी भेटायला हवं होतं. तुम्हाला नोकरीवर ठेवलं असतं आणि माझ्या भावाला हाकललं असतं."

पहिला फोटो पुलाचा. वहीत बारा सेकंद. काकांनी टायमर बारावर लावला, दिवा लागला, काटा फिरला, दिवा बंद. काकूंनी कागद औषधात सोडला. पूल उमटला, आणि उमटतच गेला. आभाळ मळकट, पाणी काळं. जास्त उजेड पडला की फोटो काळवंडतो, हे स्टुडिओवाल्यांनी शिकवलंच होतं. काकांनी दहा सेकंदांवर दुसरा काढला. तो लख्ख आला.

"दोन सेकंद जास्त लिहिलेत त्याने," काका म्हणाले.

दुसराही तसाच, तिसराही. काकू म्हणाल्या, कागद जुना झाला असेल. काकांनी स्टुडिओवाल्यांना विचारून आणलं: जुन्या कागदावर फोटो फिका येतो, काळा नाही. काकू म्हणाल्या, औषध कडक झालं असेल. काकांनी ते मापून दाखवलं.

"मशीन त्याचं. बल्ब त्याचा. कागद त्याचा. व्होल्टेज मी स्वतः मोजलंय," काका म्हणाले. "मग आता चुकीचं काय उरलं? नीट मोजायचा कंटाळा. लहानपणापासूनचा."

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी, अंधारात उभं राहून काकू टायमरबरोबर मनात मोजत होत्या. "अहो, हे घड्याळ जरा दमानं चालतंय का?" त्या म्हणाल्या. "माझं मोजून होतं, तरी त्याचं होत नाही."

"तुझं मोजणं घाईचं आहे."

तो विषय तिथेच संपला. दर रविवारी तीन-चार फोटो निघत. प्रत्येकाचा पहिला कागद धाकट्याच्या आकड्यावर काळा यायचा, दुसरा काकांच्या आकड्यावर चांगला. संध्याकाळी काकू ट्रे घासत असत तेव्हा काका वही घेऊन दुकानात जाऊन बसत. काकूंना वाटायचं, वाचत असतील. काय वाचत होते, ते आज कळलं.

"एक्केचाळीसवरसुद्धा," काकू म्हणाल्या. त्या आता स्टुलावर बसल्या होत्या, वही मांडीवर. "त्याच्या स्वतःच्या फोटोवरसुद्धा रेघ मारलीत. मी घरात नाही असं बघून तो काढलात. किती आठवडे मी म्हणत होते, आधी तो काढा, आधी तो काढा."

"आधी हात बसायला हवा होता. म्हणून शेवटी ठेवला. आणि तो काळा आलेला तू बघू नयेस म्हणून तू नसताना काढला."

खरं होतं ते, काकूंच्या ध्यानात आलं. काळा आलेला फोटो दोरीवर नव्हता, कचऱ्यातही नव्हता.

"मग काळा कुठाय?"

काकांनी दुकानाकडे हात केला. "ड्रॉवरमध्ये. फाडवेना."

"फोटो फाडवेना, आणि वही खोडवली."

"अगं, चुकीचं ते चुकीचंच. उद्या कोणी या वहीवरून फोटो काढायला गेलं तर—"

"कोण काढणार आहे? कोण उरलंय काढायला?"

काकू पानं उलटायला लागल्या. वाचायला नव्हे, हातांना काहीतरी हवं होतं म्हणून. एक्केचाळीसनंतर कोरी पानं होती. आणि मग वही संपता संपता अक्षर दिसलं, पण उलटं. शेवटचं पान मागून उघडून लिहिलेलं होतं. काकूंनी वही फिरवली.

वर आठ-नऊ महिन्यांपूर्वीची तारीख. तो गेला त्याच्या तीन आठवडे आधीची. खाली दोन रकाने. एकावर लिहिलं होतं 'इथे', दुसऱ्यावर 'घरी'.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं. "घरी म्हणून काय लिहिलंय त्याने?"

काका चष्मा लावून वाकले.

इथे १२, घरी १०. इथे १८, घरी १५. इथे २४, घरी २०. इथे ३०, घरी २५. पान भरून आकडे होते, आणि शेवटी एक ओळ: 'बाबांना विचारायचं – टायमर असाच ठेवू की आतली मोटर बदलू?'

काकांनी वही काकूंच्या मांडीवरून उचलली. पुढचं पान, मागचं पान, परत पुढचं. त्यांचे लाल आकडे आणि मुलाचा 'घरी'चा रकाना. बाराचे दहा, अठराचे पंधरा. एका आकड्याचाही फरक नव्हता.

ते स्टोअरच्या खोलीत गेले, टायमर काढून दुकानात बाकावर आणला, ट्रान्सफॉर्मरला जोडला आणि मनगटावरचं घड्याळ शेजारी ठेवलं. टायमरचा काटा साठ सेकंदांची पूर्ण फेरी फिरून आला तेव्हा मनगटावरच्या घड्याळात बहात्तर झाले होते. त्यांनी परत लावला. बहात्तर. तिसऱ्यांदा लावला.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं?"

"सायकल," काका म्हणाले. "तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. इकडची पन्नास. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हेलकाव्यांना हात लावत नाही. आणि या टायमरची मोटर हेलकावे मोजूनच चालते. तिकडे जी बारा सेकंदात थांबायची, ती इकडे जवळजवळ साडेचौदा घेते."

"म्हणजे त्याचं बरोबर होतं."

काकांनी टायमर बंद केला.

"आणि हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

हाच तो प्रश्न होता. ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण याच बाकावर, परदेशातून घड्याळ किंवा तबकडीचा प्लेअर घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते गेली चाळीस वर्षं सांगत आले होते: व्होल्टेज मी उतरवून देतो, पण मोटर हळू चालेल, मागाहून तक्रार नको. मुलाच्या टायमरची मात्र त्यांनी पाठही उघडून बघितली नव्हती. गरज वाटली नव्हती. फोटो काळा आला आणि चूक कोणाची ते त्यांना आधीच माहीत होतं.

"ठाऊक होतं," काका म्हणाले.

काकूंनी मान हलवली. जणू दुकानात कोणी भाव सांगितला आणि त्यांना तो पटला.

"मी स्टोअरची खोली का रिकामी केली होती, विचारलंत कधी?" त्या म्हणाल्या. "वाळवी लागली म्हणून सांगितलं मी तुम्हाला. वाळवी नव्हती. तो येणार होता. कायमचा. फोनवर खिडकीचं माप विचारलं त्याने मला. मी म्हटलं, बाबांना सांगू का? तर म्हणाला, नको, सगळं जुळवून झालं की मीच सांगेन. नाहीतर ते आधी चुका काढतील आणि मग मी यायचाच नाही."

"मला सांगायला हवं होतंस."

"हो. तीही माझीच चूक. लिहा कुठेतरी लालने."

काका बाकाशी बसले. बराच वेळ त्यांचा अंगठा टायमरच्या कडेवरून फिरत राहिला. मग त्यांना एकदम काम सुचल्यासारखं झालं. "हे नीट करता येईल," ते म्हणाले. "पन्नास सायकलची मोटर मिळते. मी आत बसवतो. मग त्याचे आकडे जसे लिहिलेत तसेच बरोबर येतील. बाराला बारा. आणि लाल शाई ब्लेडने खरवडता येते, अगदी हलक्या हाताने. कागद जाड आहे. मी करतो, मला जमेल ते."

"हात लावू नका."

"अगं, त्यानेच विचारलंय, मोटर बदलू का म्हणून."

"त्याने विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "तेव्हा."

त्या आत गेल्या. काकांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता, तो परत जागेवर ठेवला.

पाचच्या सुमाराला थोरली आणि जावई आले, फोटो बघायला. थोरलीला फोनवर आईने एवढंच सांगितलं होतं, एक्केचाळीस झाला. ती स्टोअरमध्ये गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. "किती बारीक झाला होता गं," ती म्हणाली. मग आईच्या आणि वडिलांच्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, "आता काय झालं?"

"काही नाही. बस," काकू म्हणाल्या. त्यांनी चहा केला. चार कप भरले. काकांच्या पुढे कप ठेवताना त्यांनी नेहमीसारखा कपाचा कान त्यांच्या उजव्या हाताकडे वळवून ठेवला. काकांनी एक घोटही घेतला नाही.

"बाबा, फोटो अगदी छान आलाय," जावई म्हणाला. बिचाऱ्याला वातावरण हलकं करायचं होतं. "ट्रान्सफॉर्मर पास झाला म्हणायचा तुमचा."

कोणी हसलं नाही. काकांनी थोरलीला घडलेलं सांगितलं. घड्याळ, हेलकावे, घरीचा रकाना. ते अगदी क्रमाने सांगत होते, गिऱ्हाइकाला मोटारीचा बिघाड समजावावा तसं. 'बाबांना विचारायचं' पाशी आल्यावर त्यांचा आवाज गेला. त्यांनी परत सुरुवात केली, परत गेला. तेवढं वाक्य राहिलंच.

थोरली उठून त्यांच्याजवळ गेली, खांद्यावर हात ठेवला. "बाबा, असू दे. तुम्हाला मुद्दाम थोडंच करायचं होतं? तुमच्या परीने तुम्ही केलंत. एवढा ट्रान्सफॉर्मर केलात त्याच्यासाठी."

"केला," काकू म्हणाल्या. "चांगला केला. मी बघितलंय कसा केला ते. त्याला मी कधी नावं ठेवणार नाही."

काकांनी वर पाहिलं. आता पुढचं वाक्य बरं असेल असं त्यांना वाटलं असावं. थोरलीलाही वाटलं.

"पण मला आता घरात कोणाची चूक ऐकायची नाही. माझी नाही, त्याची तर नाहीच. आणि चुका काढल्याशिवाय तुम्हाला राहवायचं नाही. तुमचा दोष नाही तो, वय झालंय. आज रडाल, उद्या माझ्या हातून ट्रेमधलं औषध सांडलं की परत सुरू."

"आई, काय बोलतेस?"

काकूंनी स्वतःचा कप उचलून ओट्यावर नेऊन ठेवला आणि त्या थोरलीकडे वळल्या. "तुमची मागची खोली अंधारी आहे ना? तिथली कपाटं हलवावी लागतील."

थोरली नवऱ्याकडे बघायला लागली, नवरा चहाकडे. "अगं, पण... आधी विचारायचंस तरी."

"विचारत नाहीये, सांगतेय. शनिवारी मी तुझ्याकडे राहायला येते. मशीन, टायमर आणि वही माझ्याबरोबर येईल. फोटो मीच काढेन, त्याने घरी म्हणून लिहिलेल्या आकड्यांवर. ट्रान्सफॉर्मरशिवाय ते चालणार नाही, म्हणून तोही नेणार आहे. टेम्पोवाल्याला सकाळी दहाची वेळ द्या."